किल्ली काढल्यावरचा करंट

गाडी येते तेव्हा तिचा आवाज येतो. निदान यायला हवा. त्या सकाळी दोन्ही हातांत गाडीचा जुना, जड अल्टरनेटर धरून मी गॅरेजसमोरचा रस्ता ओलांडत होते आणि केवळ कानांच्या भरवशावर चालले होते.

भुरभुर पाऊस पडत होता, रस्ता ओलाचिंब होता. आणि माझ्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर एक राखाडी, जुनी गाडी येऊन उभी राहिली. आवाज नाही, चाहूल नाही… मांजर पायाशी यावं तशी.

मी किंचाळले नाही आणि अल्टरनेटरही सोडला नाही. माझ्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे.

गाडीची काच अर्धी खाली आली आणि अडकली. त्या अर्ध्या फटीतून दोन घाबरलेले डोळे माझ्याकडे बघत होते.

"लागलं का?"

"नाही. पण हॉर्न नावाची एक गोष्ट असते."

"तोही बंद आहे," डोळ्यांचा मालक म्हणाला. "सगळंच बंद आहे. वरच्या वळणापासून गाडी उतारावर सोडली होती. म्हटलं, वेग आला की गिअर टाकू, सुरू होईल. नाही झाली. आणि उतार… इथेच संपला."

मग त्याचं लक्ष माझ्या मागे गेलं. "हे गॅरेज आहे?"

"पाटीवर तरी तसंच लिहिलंय."

"काय नशीब आहे माझं."

"नशीब कसलं, गुरुत्वाकर्षण," मी म्हणाले आणि अल्टरनेटर त्याच्या बोनेटवर ठेवला. हात भरून आले होते.

तो हसला. काच अडकलेली, त्यामुळे मला फक्त हसणारे डोळेच दिसले. नंतर दार उघडून तो बाहेर आला, तेव्हा आधी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट दिसले, मग चुरगळलेला शर्ट, आणि मग औषधाचा आणि ओल्या गवताचा एकत्र असा एक वास आला. जनावरांचा डॉक्टर होता. खेड्यांवर फिरून गायीम्हशी तपासायच्या आणि संध्याकाळी गावातल्या दवाखान्यात परत यायचं, हे त्याचं काम.

आमच्या गॅरेजात बाबांचा एक नियम आहे. गाडीला हात लावायच्या आधी गिऱ्हाइकाचं सगळं सामान बाहेर काढायचं आणि भिंतीच्या मांडणीवर ठेवायचं. फार पूर्वी कुणाची तरी छत्री हरवली होती. तो माणूस बाबांना असं काही बोलून गेला होता की बाबा अजूनही काळी छत्री दिसली की मान वळवतात. तेव्हा मी डॉक्टरांची डिकी उघडली. दोरखंड निघाले, रेनकोट निघाला, आणि तळाशी औषधांची एक पत्र्याची पेटी, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारलेली.

"राहू द्या, जड आहे ती. मी घेतो."

"उचललीय," मी म्हणाले. तोपर्यंत माझा आवाज अर्ध्यावर आला होता.

गॅरेजात गाड्यांचं वायरिंग मी बघते. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडले तेव्हा सगळे विचारत, आता शिकवणार की संशोधन करणार? मी बाबांच्या गॅरेजातल्या मागच्या खोलीत टेबल मांडलं. बाबांना गाडीवर हात ठेवला की कळतं. मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. हातात सतत मीटर असतो, म्हणून सगळे मला 'मीटर' म्हणतात. बाबासुद्धा.

मी मीटरच्या पिना बॅटरीला लावल्या. "सेल्फ मारा."

त्यांनी किल्ली फिरवली. टक्. एवढाच आवाज.

"परत."

टक्… टक्-टक्-टक्.

"परत."

"किती वेळा मारायचा?"

"मी थांबा म्हणेपर्यंत."

"माझी आईही मला जेवताना असंच म्हणते," डॉक्टर म्हणाले आणि निमूटपणे किल्ली फिरवली.

बॅटरी उतरलेली होती, हे आकड्यांनी सांगितलं. पण स्टार्टरही थकलेला होता. मी तो काढून टेबलावर उघडला. आतले कार्बनचे ब्रश झिजून नखाएवढे उरले होते आणि तांब्याचा संपर्क जळून काळा पडला होता. डॉक्टर कधी मागे येऊन वाकले ते मला कळलंच नाही. मी मान वर केली आणि… आमची डोकी आपटता आपटता राहिली.

"दात झिजल्यासारखं दिसतंय," ते हळूच म्हणाले.

"तसंच आहे. हे दोन तुकडे फिरणाऱ्या भागाला टेकून राहतात, त्यांच्यातून करंट आत जातो. झिजले की टेकत नाहीत."

"नवे दात बसवता येतात?"

"बसवता येतात. पेशंटने हलायचं नाही."

नवे ब्रश बसवले, संपर्क घासून चकचकीत केला, बॅटरी भरली. पहिल्याच फेरीत गाडी सुरू झाली. डॉक्टरांनी बोनेटवर तळहात सपाट ठेवला आणि काही क्षण तसेच उभे राहिले. एखाद्या घाबरलेल्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा तो हात होता. मी उगाचच माझे हात फडक्याला पुसत राहिले. ते आधीच पुसून झाले होते.

"टिकेल ना?"

"टिकेल," मी ठामपणे म्हणाले.

नाही टिकलं.

थोड्याच दिवसांनी डॉक्टर चालत आले, चिखलाच्या बुटांनी. "झोपलीय," ते म्हणाले. "सकाळी किल्ली फिरवली, तर उसासासुद्धा टाकला नाही."

गाडी ढकलत आणली. सामान मांडणीवर. मीटर बॅटरीवर. बॅटरी पूर्ण उतरलेली. बाबा लांबूनच म्हणाले, "बॅटरी बदल, विषय संपव."

"बॅटरी चांगली आहे, बाबा. काहीतरी तिला पितंय."

गाडी बंद केली, किल्ली काढून खिशात घातली, तरी थोडासा करंट वाहत असतो. घड्याळ वगैरे चालू असतं ना. तो चिमूटभर असावा. जास्त वाहिला, तर कुठेतरी वायर पत्र्याला टेकली आहे आणि रात्रभर गाडी आपल्याच अंगातलं रक्त सांडते आहे. मी बॅटरीची वायर सोडवली, मधे मीटर जोडला. चिमूटभर. एकेक फ्यूज काढून बघितला. चिमूटभर. दारं हलवली, दिव्यांना टिचक्या मारल्या, वायरी ओढल्या. मीटरचा काटा ढिम्म.

डॉक्टर टायरवर बसून चहा पीत होते. पाऊस पत्र्यावर हळूहळू वाजत होता.

"एक विचारू?" ते म्हणाले. "ही बरी होणारी आहे की नाही, हे महिनाअखेरपर्यंत सांगता येईल? डोंगरातल्या दवाखान्यात जागा आहे. तिथेच राहायचं आणि वरच्या वस्त्यांवर फिरायचं. तिकडे जनावर आजारी पडलं तर लोक दोन दिवस वाट बघतात… मी स्वतः मागून घेतलीय ती जागा. पण मोठे डॉक्टर म्हणतात, भरवशाची गाडी असेल तरच पाठवीन. दवाखान्याची जीप एकच, आणि नवी गाडी घेणं मला सध्या जमणारं नाही."

"आणि गाडी नसेल तर?"

"तर इथेच. पाळीव मांजरांचा विभाग."

"मांजरं काही वाईट नसतात."

"मांजरांशी माझं जमतं. मालकांशी जमत नाही."

मी हसले. मग एकदम हसू थांबलं. "म्हणजे… गाडी बरी झाली तर तुम्ही जाणार."

"हो."

"आणि नाही झाली तर इथेच राहणार."

"हो…" ते कपात बघू लागले, आणि मी मीटरकडे. आकडा तोच होता. तो मात्र मला तेव्हा नीट वाचता येईना.

बॅटरी पुन्हा भरून मी गाडी रात्रभर गॅरेजात ठेवून घेतली. सकाळी किल्ली फिरवली, तर गाडी अशी सुरू झाली, जणू आम्हीच तिच्यावर आळ घेत होतो. डॉक्टर घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद.

माझी वहिनी सुट्या भागांच्या गल्ल्यावर बसते. दादा मालाची गाडी घेऊन सतत बाहेरगावी असतो, त्यामुळे दिवसभराची सगळी थट्टा माझ्याच वाट्याला येते.

"काय गं, डॉक्टरांची गाडी आता घरचीच झाली म्हणायची," ती नटबोल्ट निवडत म्हणाली.

"सापडत नाहीये, वहिनी. किती दिवस डोकं खपवतेय."

"मग नको सापडू देऊस. गाडी बंद, डॉक्टर इथे. गाडी चालू, डॉक्टर डोंगरावर. हे कळायला पदवी लागत नाही."

मी टेबलावरची वायर सोलत होते. तो विचार माझ्याही मनात येऊन गेला होता, खोटं कशाला बोलू? आदल्या संध्याकाळी आला होता, आणि चांगला ऐसपैस बसला होता.

"गाडी बिघडली म्हणून थांबलेला माणूस मला नको," मी म्हणाले.

वहिनीचे हात थांबले. "अगं बाई. म्हणजे थांबलेला माणूस हवाय, एवढं तरी तुझ्या तोंडून निघालं."

मी वायर जरा जास्तच सोलली. ती वाया गेली.

तिसऱ्यांदा गाडी आली, तेव्हा पुन्हा तेच. सामान बाहेर, मीटर मधे, काटा ढिम्म. बाबा हात पुसत जवळ आले. "सोड, मीटर. गाड्या म्हाताऱ्या होतात. त्यांना सांग, भंगारात द्या म्हणावं."

"म्हातारी होणं हे कारण नाही, बाबा. वायर तुटते, नाहीतर झिजते, नाहीतर कशाला तरी टेकते. असं काही झालंच नसेल, तर बॅटरी उतरायला नको. उतरतेय, म्हणजे झालंय."

"मग दिसत का नाही?"

"मी बघतेय तेव्हा होत नाही, म्हणून."

"असे पेशंट असतात," मागून डॉक्टर म्हणाले. ते कधी आत आले होते कोण जाणे. "घरी लंगडणारं कुत्रं दवाखान्यात आलं की चारही पायांवर तुरुतुरु चालतं. मालकाला वाटतं आपलीच चूक झाली."

"मग तुम्ही काय करता?"

"घरी जाऊन बघतो. ते जिथे झोपतं, जिथून उडी मारतं… जिथे लंगडतं, तिथे."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. जरा जास्त वेळ बघितलं असावं, कारण ते कान खाजवू लागले.

"उद्या कुठे जाणार आहात?"

"वरच्या वस्तीवर. एका गायीचं दुखणं आहे."

"मी येते."

"गायीसाठी?"

"गाडीसाठी."

"अच्छा," ते म्हणाले. "गाडीसाठी." आणि त्यांच्या डोळ्यांत तेच, अर्ध्या काचेतून बघितलेलं हसू आलं.

दुसऱ्या दिवशी निघताना मी एकच अट घातली. गाडीतलं काही काढायचं नाही, काही आवरायचं नाही, रोज असते तशीच राहू द्यायची. सोबत मी चिमट्याचा मीटर घेतला. तो वायरीभोवती नुसता पकडला की आतून किती करंट जातोय ते दाखवतो, काही सोडवावं लागत नाही.

डोंगराचा रस्ता ओला आणि अरुंद होता. प्रत्येक वळणावर गाडीच्या मागच्या भागातून खडखडाट होई आणि डॉक्टर प्रत्येक वेळी "सॉरी" म्हणत. गाडीला म्हणत होते की मला, ते कळत नव्हतं.

"तुम्ही गप्प का?" त्यांनी विचारलं.

"ऐकतेय."

"मी तर काही बोलत नाहीये."

"गाडीचं ऐकतेय, डॉक्टर."

"हेवा वाटण्यासारखी गाडी आहे," ते पुटपुटले आणि दुसरा गिअर टाकताना चुकून चौथा टाकला.

वस्तीवर पोचलो, तेव्हा ढग इतके खाली होते की गोठ्याचं छप्पर त्यांच्यात आत-बाहेर करत होतं. डॉक्टरांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. मी उतरले, बोनेट उघडलं, बॅटरीच्या जाड वायरीला चिमटा लावला.

आणि आकडा दिसला. चिमूटभर नाही, चांगला ओंजळभर करंट. किल्ली डॉक्टरांच्या खिशात, दिवे बंद, दारं बंद, आणि तरी गाडी एकसारखी बॅटरी पीत होती. कित्येक दिवस ज्याच्या मागे लागले होते, ते अखेर समोर उभं होतं.

मागे डॉक्टरांनी डिकी उघडली, सामान घेतलं आणि गोठ्याकडे गेले. मी आकड्याकडे पाहिलं.

चिमूटभर.

मी मीटर हलवला, चिमटा काढून पुन्हा लावला. चिमूटभरच. गेला. नुकताच होता, आणि गेला.

मी तिथून हलले नाही. वारा हलला का? पाऊस थांबला का? इंजिन थंड झालं का? एकेक कारण घेऊन मी ते खोडत गेले. शेवटी उत्तर नाही मिळालं, तेव्हा मीटर तसाच वायरीला लावून ठेवून गोठ्याच्या दाराशी गेले.

आत अंधुक उजेड होता. डॉक्टर गायीसमोर नुसते उभे होते. हात लावत नव्हते, बोलत नव्हते. गाय कान हलवत त्यांच्याकडे बघत होती. बाजूला गोठ्याच्या मालकीणबाई, सगळी वस्ती त्यांना मावशी म्हणते, कमरेवर हात ठेवून उभ्या.

"असंच बघत बसतात," मावशी मला म्हणाल्या. "पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, याला काही येत नाही."

"मावशी, ऐकू येतंय मला."

"ऐकू यावं म्हणूनच बोलले."

मग डॉक्टर हळूच बाजूला जाऊन वाकले, गायीच्या मागच्या पायाखाली हात नेला, आणि नेमक्या जागेवर थांबले. गाय दचकली. "इथे," ते तिलाच म्हणाले. "इथे दुखतंय ना? कळलं. आता थोडंच."

खुरात काच रुतली होती. ती निघेपर्यंत मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते, आणि मला कळून चुकलं की मी गाडीसाठी आले नव्हते. म्हणजे गाडीसाठीही आले होते. पण तेवढ्यासाठी इतकी लवकर उठून वेणी दोनदा घातली नसती.

डॉक्टर पेटी उचलून गाडीकडे निघाले. मीही धावत पुढे गेले, मीटरपाशी. त्यांनी पेटी डिकीत ठेवली.

ओंजळभर.

"डॉक्टर," मी म्हणाले. "हलू नका."

"काय झालं?"

"पेटी उचला."

त्यांनी उचलली. चिमूटभर.

"ठेवा."

ओंजळभर.

"उचला."

"मीटर, ही पेटी जड आहे हो."

"माहीत आहे, दर वेळी मीच उचलतेय. ठेवा. आता उचला. आता ठेवा."

मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या मागून शेजारच्या दोघी डोकावत होत्या. "बाई गं," मावशी म्हणाल्या, "लग्नाआधीच एवढं नाचवतेस, पुढे काय करशील?"

डॉक्टरांच्या हातातून पेटी निसटता निसटता राहिली. माझे कान तापले, पण मी मीटरवरची नजर काढली नाही. शास्त्रात निरीक्षण अर्धवट सोडत नाहीत.

आम्ही पेटी बाहेर काढली आणि डिकीतला ओला गालिचा उचलला. खाली, पत्र्याच्या कडेवरून, एक जुनी लाल वायर गेली होती. कोणे एके काळी डिकीत दिवा असावा, त्याची. दिवा कुणीतरी काढून टाकला होता, पण वायर तशीच जिवंत ठेवली होती, थेट बॅटरीपासून, मधे फ्यूजही नाही. नेमकी पेटीच्या लोखंडी कोपऱ्याखाली तिचं आवरण चिरडून फाटलं होतं. आतलं तांबं चमकत होतं आणि बाजूचा गंजका पत्रा धुरकट झाला होता. पेटी ठेवली की वायर दाबली जाई आणि गंजातून करंट झिरपू लागे. बॅटरी उतरे, आणि अर्धमेल्या बॅटरीवर टक्-टक् करून करून स्टार्टर जळत जाई.

मी मटकन डिकीच्या काठावर बसले आणि हसायला लागले.

"काय झालं?"

"मीच. दर वेळी गाडी तपासण्याआधी ही पेटी मी स्वतः उचलून मांडणीवर ठेवत होते. पेशंटला टेबलावर घ्यायच्या आधी दुखणं बाजूला काढून ठेवायचं… आणि मग म्हणायचं, दुखणं सापडत नाही."

डॉक्टरही हसले, माझ्या शेजारी बसले. गाडी थोडी खाली दबली. पावसाचे बारीक थेंब त्यांच्या केसांवर बसले होते.

मी वायर बॅटरीच्या बाजूने कापली, टोकाला पक्की टेप गुंडाळली. पेटी पुन्हा आत ठेवली. चिमूटभर. मग त्यांना म्हटलं, सेल्फ मारा. त्यांनी मारला. गाडी एका दमात सुरू झाली. त्यांनी बंद केली, पुन्हा मारला. पुन्हा सुरू.

त्यांनी गाडी बंद केली आणि किल्लीवर हात ठेवून तसेच बसून राहिले. मी शेजारच्या सीटवर येऊन बसले.

"सापडलं," ते म्हणाले.

"सापडलं."

"म्हणजे मी जाणार."

"हो."

बाहेर मावशी गायीला काहीतरी समजावून सांगत होत्या. डॉक्टर समोरच्या काचेकडे बघत बोलले. "तुम्हाला माहीत होतं. गाडी बरी झाली की मी जाणार, हे मी आधीच सांगितलं होतं."

"हो."

"आणि तरी तुम्ही… मी तर दर वेळी गाडी बंद पडली की चिडायचो, आणि गॅरेजकडे चालताना शीळ घालायचो. लाज वाटायची त्याची. तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की राहू द्यावं?"

"वाटलं. एकदा."

त्यांनी मान वळवली.

"चांगला अर्धा तास वाटलं," मी म्हणाले. आता सुरू केलंच होतं. "मग विचार केला. गाडी बिघडली म्हणून तुम्ही राहिलात, तर मला कधीच कळणार नाही की तुम्ही कशासाठी राहिलात. गाडीमुळे… की माझ्यामुळे. दोन कारणं एकत्र असली की मोजता येत नाही. एक बाजूला काढावं लागतं."

"आणि आता?"

"आता गाडी कुठेही जाऊ शकते. ती कुठे येते, तेवढंच बघायचं."

डॉक्टरांचा हात किल्लीवरून निघाला आणि गिअरपाशी, माझ्या हाताजवळ येऊन थांबला. ग्रीसने काळी झालेली माझी बोटं त्यांनी एकदा बघितली. आणि मग तो सपाट, उबदार तळहात माझ्या हातावर आला, गायीपेक्षा कितीतरी जास्त घाबरत.

"तुम्ही याल माझ्याबरोबर… तिकडे?"

"नाही," मी म्हणाले. हात मात्र काढला नाही. "माझं टेबल इथे आहे. ते मी भांडून मांडलंय, सोडणार नाही. तुमचं काम तिकडे आहे. तेही तुम्ही मागून घेतलंय, सोडायचं नाही. रविवारी या, मधल्या रस्त्याचं काय ते गाडीला बघू द्या. पुढचं पुढे मिळून ठरवू."

"तुम्ही हे सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं?"

"काल रात्री. वेणी घालायच्या… म्हणजे झोपायच्या आधी."

ते हसले. या वेळी काच मधे नव्हती. पूर्ण हसू दिसलं, आणि मला वाटलं, हे एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत पुरवायचं म्हणजे जपून वापरावं लागणार.

महिनाअखेरीस डॉक्टर डोंगरावर राहायला गेले. वहिनीने त्या आठवड्यात मला एकदाही चिडवलं नाही. तेच मला जास्त जड गेलं. मी वायरी सोलत होते, बॅटऱ्या भरत होते. शनिवारी एका गाडीचे पुढचे दोन्ही दिवे उलटे बसवले. बाबांनी ते काढून पुन्हा सरळ बसवले.

रविवारी दुपारी राखाडी गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली, खिडक्यांपर्यंत चिखलाने माखलेली. डॉक्टर उतरले. शर्टाला इस्त्री केलेली होती, आणि बूट बघवत नव्हते.

बाबा पाना हातात घेऊनच बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारली. "आता काय झालं हिला?"

"काही नाही. ठणठणीत आहे."

"मग?"

"म्हणजे… मी इकडे… रस्ता तसा बराच…" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. गायीच्या खुरातली काच न चुकता शोधणारा माणूस गॅरेजच्या दारात शब्द शोधत होता.

मी हातातला मीटर टेबलावर ठेवला आणि पुढे आले.

"बाबा, गाडीला काही झालेलं नाही. ते मला भेटायला आलेत. मीच या म्हटलं होतं."

गल्ल्यावर वहिनीच्या हातातून नटांचा अख्खा डबा सांडला. कुणी वाकून उचलले नाहीत.

बाबांनी चिखलाकडे बघितलं. मग डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे. मी नजर खाली केली नाही.

"एवढ्या चिखलातून?" त्यांनी विचारलं.

"हो," डॉक्टर म्हणाले. "दर रविवारी येईन म्हणतो. तुमची हरकत नसेल तर."

बाबांनी पाना खिशात घातला आणि आत वळले. दोन पावलं गेल्यावर थांबले.

"अरे, मग उभा काय राहिलायस?" ते मागे न बघताच म्हणाले. "हातपाय धू. आम्ही जेवायला बसतोय."